मोना बेटावरची स्वारी

(ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याजवळ मोना नावाचे एक बेट आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सैन्याने या बेटावर दोनदा स्वारी केली. त्या दोन स्वाऱ्यांची हकिकत या पाठात दिली आहे. ही हकिकत कोणी लिहून ठेवली आणि कोणी लिहिली नाही, इकडेही वाचताना लक्ष द्या.)

मुलांनो, ज्या जमिनीच्या चारी बाजूंना पाणी असते, तिला मराठीत 'बेट' म्हणतात. तुम्ही उर्दूत 'जझीरा' म्हणता. कोकणात मुरूडजवळ समुद्रात एक प्रसिद्ध किल्ला आहे. त्याचे नाव जंजिरा. हे नाव तुमच्याच 'जझीरा' या शब्दावरून पडले आहे.

बेटावरच्या माणसांना समुद्राचा फार आधार वाटतो. शत्रू किनाऱ्यावर येऊन उभा राहिला तरी मध्ये पाणी आहे ना! पण समुद्राचे पाणी दिवसभर सारखे राहत नाही. ते भरतीला चढते आणि ओहोटीला उतरते. मुंबईत हाजी अलीकडे जाणारी वाट तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. भरतीच्या वेळी ती पाण्याखाली जाते. ओहोटी लागली की लोक तिच्यावरून चालत जातात. मोना बेटाच्या गोष्टीतही भरती-ओहोटीला मोठे महत्त्व आहे, म्हणून ही आठवण आधीच करून दिली.

आता नकाशा उघडा. ब्रिटनच्या पश्चिमेकडचा डोंगराळ भाग म्हणजे वेल्स. वेल्सच्या वायव्य टोकाला एक बेट दिसेल. इंग्रजीत त्याला अँगलसी म्हणतात. वेल्सचे लोक त्याला 'मोन' म्हणतात आणि रोमन लोक 'मोना' म्हणत. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस किलोमीटर आहे. जमीन बहुतेक सपाट आणि सुपीक आहे. तिथे धान्य इतके पिके, की पुढे वेल्समध्ये या बेटाला 'वेल्सची आई' म्हणू लागले. बेट आणि मुख्य जमीन यांच्यामध्ये समुद्राची एक अरुंद पट्टी आहे. तिला मेनाईची सामुद्रधुनी म्हणतात. ती सुमारे २५ किलोमीटर लांब आहे. तिची रुंदी कुठे अर्ध्या किलोमीटरपेक्षा कमी, तर कुठे एक किलोमीटरपेक्षा जास्त आहे. रुंदी ऐकून तुम्ही म्हणाल, एवढेसे पाणी! पण हे पाणी सोपे नाही. भरतीच्या वेळी समुद्र दोन्ही तोंडांतून आत शिरतो. मग प्रवाह एकमेकांवर आदळतात आणि भोवरे होतात. कुठे वाळूचे दांडे, कुठे चिखल, कुठे पाण्याखाली लपलेले खडक! अनोळखी माणसाने तिथे होडी घालू नये, हेच बरे.

रोमचे साम्राज्य त्या काळी फार मोठे होते. इ.स.पू. ५५ आणि ५४ मध्ये ज्युलियस सीझर दोनदा ब्रिटनमध्ये उतरला होता; पण तो तिथे राहिला नाही. पुढे इ.स. ४३ मध्ये क्लॉडियस बादशहाने मोठे सैन्य पाठवले. दक्षिण ब्रिटन रोमनांच्या हाती आले. त्याच सुमारास व्हेस्पेशियन नावाच्या सेनापतीने दक्षिणेकडचे वाइट बेटही घेतले. हाच व्हेस्पेशियन पुढे रोमचा बादशहा झाला. वेल्सच्या डोंगरातल्या टोळ्या मात्र शरण येईनात. आज इथे छापा, उद्या तिथे छापा, असे त्यांचे चालले होते. आणि रोमनांपासून जीव वाचवून पळालेले लोक मोना बेटावर जाऊन राहत होते.

मोना बेटावर आणखीही काही लोक राहत होते. त्यांना ड्रुइड म्हणत. ड्रुइड हे केल्ट लोकांचे पुरोहित होते, न्यायाधीश होते आणि शिक्षकही होते. दोन टोळ्यांचे भांडण झाले तर निवाडा ड्रुइड करीत. त्यांचा निवाडा जो मानणार नाही, त्याला लोक वाळीत टाकीत. ड्रुइड होण्यासाठी काही जण वीस वर्षे शिकत असत, असे सीझरने लिहिले आहे. आणि ही सगळी विद्या तोंडपाठ करावी लागे! त्यांना लिहिता येत नव्हते, असे समजू नका. इतर व्यवहारात ते ग्रीक अक्षरे वापरीत. पण आपली विद्या कागदावर उतरवायची नाही, असा त्यांचा नियम होता. लिहून ठेवले की माणूस आठवण ठेवायचे सोडून देतो, असे त्यांना वाटत असावे, असा सीझरचा अंदाज आहे. या नियमाची किंमत त्यांना किती द्यावी लागली, ते पुढे कळेल.

ड्रुइडांची पूजा देवळात होत नसे. ती झाडांच्या राईत होई. सह्याद्रीत गावोगाव देवराया आहेत आणि त्यांतली झाडे कोणी तोडत नाही. तशाच राया मोना बेटावर होत्या.

इ.स. ५८ मध्ये सुएटोनियस पॉलिनस हा ब्रिटनचा सुभेदार झाला. तो डोंगरातल्या लढाईत तरबेज होता. आफ्रिकेतला ॲटलास पर्वत सैन्यासह ओलांडणारा तो पहिला रोमन सेनापती होता. आता वेल्सचे डोंगरही जिंकू, असा त्याला भरवसा होता. शिवाय आणखी एक कारण होते. त्या वेळी कॉर्बुलो नावाचा दुसरा रोमन सेनापती दूर आर्मेनियात विजय मिळवत होता. रोममध्ये सगळीकडे कॉर्बुलोचे नाव! पॉलिनसला ते सहन होईना. आपणही असेच नाव मिळवावे, असे त्याला वाटू लागले. एका माणसाच्या ईर्ष्येपायी दुसऱ्या मुलखातली किती माणसे मरतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

इ.स. ६० च्या सुमारास पॉलिनस सैन्य घेऊन मेनाईच्या काठावर आला. त्याने सपाट तळाच्या होड्या बांधून घेतल्या होत्या. उथळ पाण्यात आणि वाळूच्या दांड्यांवर अशी होडी अडकत नाही. पायदळ या होड्यांत बसले. घोडेस्वार उथळ जागा पाहून पाण्यात उतरले. जिथे पाणी खोल होते, तिथे ते घोड्यांच्या बाजूने पोहत गेले.

पलीकडच्या किनाऱ्यावर बेटावरचे लोक वाट पाहत उभे होते. हत्यारबंद पुरुषांची दाट रांग होती. त्या रांगेतून काळे कपडे घातलेल्या स्त्रिया धावत होत्या. त्यांचे केस मोकळे होते आणि हातांत पेटत्या मशाली होत्या. त्यांच्याभोवती ड्रुइड उभे होते. त्यांनी दोन्ही हात आकाशाकडे उचलले होते आणि ते मोठ्याने शाप देत होते.

रोमन शिपाई हे दृश्य पाहून जागच्या जागी थिजले. त्यांचे हातपाय हलेनात. समोरून वार होत होते, तरी ते नुसते उभे होते. हे शिपाई काही नवशिके नव्हते. अर्धे जग पाहिलेली ही माणसे! पण शापाची भीती तलवारीच्या भीतीपेक्षा वेगळी असते. शेवटी सेनापती ओरडला. शिपायांनीही एकमेकांना धीर दिला. "बायकांच्या आणि वेड्यांच्या जमावाला काय भिता?" असे म्हणत ते पुढे सरकले. मग मात्र त्यांना कोणी अडवू शकले नाही. समोर येईल त्याला त्यांनी कापून काढले. ज्यांच्या हातांत मशाली होत्या, ते त्याच आगीत होरपळून मेले.

बेट जिंकल्यावर पॉलिनसने तिथे फौजेची चौकी बसवली. नंतर कुऱ्हाडी बाहेर निघाल्या. त्या जुन्या राया शिपायांनी तोडून टाकल्या.

मुलांनो, इथे थोडे थांबू या. ही सगळी हकिकत आपल्याला कोणी सांगितली? टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकाराने. लढाई झाली तेव्हा तो अगदी लहान मुलगा होता आणि ब्रिटनपासून दूर होता. ही लढाई त्याने पुढे पन्नासहून अधिक वर्षांनी लिहिली. मग त्याला हे कसे कळले? त्याच्या सासऱ्याचे नाव ॲग्रिकोला. पॉलिनस सुभेदार असताना तरुण ॲग्रिकोला ब्रिटनमध्ये त्याच्याच हाताखाली नोकरी करीत होता. सासऱ्याच्या तोंडून जावयाने पुष्कळ ऐकले असणार. म्हणजे ही गोष्ट अगदी ऐकीव गप्प नाही. पण ती एकाच बाजूची आहे, हेही खरे. त्या राईत ड्रुइड माणसांचा बळी देत असत, असे टॅसिटस लिहितो. सीझरनेही असेच लिहिले आहे. पण ज्याचा मुलूख घ्यायचा, त्याला क्रूर म्हणणे जिंकणाऱ्याच्या सोयीचे असते. आणि रोम शहरात तर हजारो लोकांच्या करमणुकीसाठी माणसांना एकमेकांशी मरेपर्यंत लढवत! ड्रुइडांचे म्हणणे काय होते, ते आपल्याला वाचता येत नाही. त्यांनी काही लिहिलेच नव्हते. जे होते ते माणसांच्या डोक्यात होते, आणि ती माणसे किनाऱ्यावर पडली.

पॉलिनस बेटाची व्यवस्था लावत असतानाच एक भयंकर बातमी आली. पूर्व ब्रिटनमध्ये बंड झाले होते! तिकडे आयसेनी नावाची टोळी होती. तिचा राजा प्रासुटागस मेला. मरताना त्याने आपले राज्य नीरो बादशहा आणि आपल्या दोन मुली यांच्या नावे केले होते. अशाने बादशहा खूश होईल आणि मुलींचे रक्षण होईल, असे त्याला वाटले. झाले उलटेच. रोमन अधिकाऱ्यांनी सगळे राज्य लुटले. राणी बौडिका हिला फटके मारले आणि तिच्या मुलींवर अत्याचार केले. तेव्हा राणीने शस्त्र उचलले. शेजारच्या टोळ्या तिला येऊन मिळाल्या. सुभेदार आणि त्याची फौज दूर मोना बेटाकडे गुंतलेली होती. याहून चांगली वेळ कोणती?

पॉलिनस तसाच मागे फिरला. मोनापासून लंडन सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. तो लंडनला पोहोचला. पण शहर वाचवण्याइतके सैन्य आपल्याजवळ नाही, हे त्याने ओळखले. लोक रडत होते, विनवण्या करीत होते. तरी त्याने लंडन सोडून दिले. बंडवाल्यांनी तीन शहरे जाळली. लंडन त्यांतलेच एक. आजही लंडनमध्ये खोल पाया खणताना त्या आगीत भाजलेल्या लाल मातीचा थर सापडतो. या तीन शहरांत सत्तर हजार माणसे मेली, असे टॅसिटस म्हणतो. शेवटच्या लढाईत मात्र पॉलिनसच्या दहा हजार शिपायांनी राणीच्या प्रचंड जमावाचा पराभव केला. राणी विष घेऊन मेली, असे टॅसिटसने लिहिले आहे.

जिंकल्यानंतरही पॉलिनसचा राग शांत झाला नाही. तो गावेच्या गावे उजाड करीत सुटला. तेव्हा ब्रिटनमधल्या रोमन खजिन्याचा नवा अधिकारी क्लासिशियानस याने रोमला कळवले, की हा सुभेदार बदलल्याशिवाय ही लढाई संपणार नाही. थोड्याच दिवसांत पॉलिनसला परत बोलावले गेले. एका हिशेबनीस माणसाने विजयी सेनापतीविरुद्ध लिहावे, याला धैर्य लागते. या क्लासिशियानसच्या थडग्याचा दगड लंडनमध्ये सापडला आहे. तो ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवला आहे.

इकडे मोना बेट पुन्हा मोकळे झाले. फौज निघून गेली होती. तोडलेल्या राया लगेच उगवल्या नसतील. पण माणसे परत आली. सुमारे सतरा वर्षे बेट रोमनांच्या हाताबाहेर राहिले.

इ.स. ७७ च्या सुमारास ब्रिटनला नवा सुभेदार आला. तो म्हणजे तोच ॲग्रिकोला, टॅसिटसचा सासरा. तो आला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. आता यंदा लढाई नाही, असे समजून शिपाई सुट्टीच्या विचारात होते. पण वेल्समधल्या ऑर्डोव्हिसेस टोळीने नुकतीच रोमन घोडेस्वारांची एक तुकडी मारून टाकली होती. ॲग्रिकोलाने वाट पाहिली नाही. तो स्वतः पुढे राहून डोंगर चढला. ती टोळी त्याने जवळजवळ नाहीशी केली. टॅसिटस हे एका वाक्यात सांगून मोकळा होतो. सासऱ्याचे चरित्र लिहिताना त्याला अधिक सांगावेसे वाटले नसेल.

नंतर ॲग्रिकोला मेनाईच्या काठावर आला. बेट घ्यायचे, हे अचानक ठरले होते. त्यामुळे त्याच्याजवळ होड्या नव्हत्या. मग त्याने काय केले असेल? त्याच्या सैन्यात परमुलखातल्या काही तुकड्या होत्या. पाण्यात उतार कुठे आहे, हे त्या शिपायांना ठाऊक होते. त्यांच्या मुलखात पोहण्याची जुनी रीत होती. पोहता पोहता स्वतःला, हत्यारांना आणि घोड्याला एकाच वेळी सांभाळणे त्यांना जमत असे. ॲग्रिकोलाने त्यांतले निवडक शिपाई घेतले. सगळे सामान काठावर ठेवायला लावले आणि त्यांना एकदम पाण्यात सोडले.

बेटावरचे लोक समुद्राकडे डोळे लावून बसले होते. रोमन येतील ते गलबते घेऊन येतील, होड्या बांधायला त्यांना दिवस लागतील, आपल्याला तयारीला वेळ मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. आणि पाण्यातून घोडेस्वारच वर आले! अशी माणसे कशानेही अडणार नाहीत, असे लोकांना वाटले. त्यांनी तह मागितला आणि बेट स्वाधीन केले. या वेळी मशाली नव्हत्या आणि शापही नव्हते. टॅसिटसच्या या दुसऱ्या हकिकतीत ड्रुइडांचे नावसुद्धा येत नाही.

पुढे तीनशे वर्षे रोमनांचा तिथे अंमल राहिला. समोरच्या किनाऱ्यावर त्यांनी सेगोन्टियम नावाचा किल्ला बांधला. बेटावर तांबे निघत होते. रोमन काळातल्या तांब्याच्या जाड लाद्या तिथे सापडल्या आहेत. आता मेनाई ओलांडायला पोहावे लागत नाही. १८२६ मध्ये टेलफर्ड या इंजिनिअरने तिच्यावर मोठा झुलता पूल बांधला. त्याच्या खालून पाणी मात्र अजून तसेच भोवरे करीत जाते.

आता शेवटची गोष्ट. ती ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात या बेटावर विमानतळाचे काम चालू होते. तिथली जमीन वाळूची होती. तिच्यावर पसरण्यासाठी मजूर जवळच्या एका लहान तळ्याच्या दलदलीतून काळी माती काढत होते. त्या मातीत त्यांना एक लोखंडी साखळी मिळाली. साखळी चांगली मजबूत होती. चिखलात गाड्या रुतल्या, की मजूर ती ट्रॅक्टरला बांधून गाड्या ओढून काढीत. काही दिवसांनी त्या मातीत तलवारी, भाले, रथांचे तुकडे आणि कढईचे भाग सापडू लागले. तेव्हा जाणकार माणसांना बोलावले. त्यांनी पाहिले तर काय! ती साखळी दोन हजार वर्षांपूर्वीची होती. त्या तळ्यातून दीडशेहून अधिक वस्तू मिळाल्या. बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या किमती वस्तू देवाला म्हणून तळ्याच्या पाण्यात टाकत आले होते. टॅसिटसच्या पुस्तकात या तळ्याचा एक शब्दही नाही.

आणि ती साखळी कशाची होती? तिला पाच कडी आहेत. प्रत्येक कड्यात एका माणसाची मान बसते. गुलामांना रांगेने चालवत नेण्याची ती साखळी होती. ती रोमनांनी आणलेली नव्हती. रोमन येण्याआधीपासून ब्रिटनच्या टोळ्या एकमेकांची माणसे धरत आणि विकत. आज ती कार्डिफच्या संग्रहालयात काचेमागे आहे. ट्रॅक्टरने एवढी ओढूनही ती तुटली नाही.

शब्दार्थ

स्वारी – हल्ला, चढाई. सामुद्रधुनी – दोन जमिनींमधली समुद्राची अरुंद पट्टी. वाळीत टाकणे – समाजाबाहेर काढणे. निवाडा – न्याय, फैसला. तरबेज – कुशल. ईर्ष्या – दुसऱ्याच्या पुढे जाण्याची इच्छा. थिजणे – भीतीने हालचाल बंद होणे. उतार – पायी ओलांडता येईल अशी पाण्यातली उथळ जागा. उजाड – ओसाड.

स्वाध्याय

१. पॉलिनसने सपाट तळाच्या होड्या का बांधून घेतल्या?
२. ॲग्रिकोलाकडे होड्या नव्हत्या, तरी त्याने बेट कसे जिंकले?
३. बेटावरच्या एखाद्या ड्रुइडाने पहिल्या स्वारीची हकिकत लिहिली असती, तर ती टॅसिटसच्या हकिकतीपेक्षा कोठे वेगळी झाली असती? आठ-दहा ओळी लिहा.
४. 'किनारा', 'खजिना', 'मशाल', 'गुलाम' हे शब्द तुम्ही उर्दूतही वापरता. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
५. पुढील वाक्प्रचार वापरून वाक्ये तयार करा : धीर देणे, डोळे लावून बसणे, कापून काढणे.